पिंजऱ्यातला राघू आणि शाळेतला पाठ

शाळेच्या ओसरीवर पोपटाचा पिंजरा टांगलेला दिसला, तर त्याचे कोणाला फारसे नवल वाटत नाही. मधल्या सुट्टीत मुले त्याच्याभोवती जमतात, डब्यातल्या पोळीचा तुकडा गजांतून आत सरकवतात आणि पाहुणे आले म्हणजे त्याच्याकडून ‘राम राम’ म्हणवून घेतात. शिपाई सकाळी वाटीत पाणी ओततो, एखादी मिरची किंवा पेरूची फोड ठेवतो आणि आपल्या कामाला लागतो. मुलांना प्राणिमात्रांचा लळा लागावा, हा या सर्वांमागचा हेतू असतो. तो वाईट आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या गोष्टीमागचा हेतू चांगला असतो, तिची तपासणी करण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. शाळेतल्या पिंजऱ्याचे नेमके तेच झाले आहे.

शिक्षकांच्या रिक्त जागा, गळकी छपरे, पटसंख्येअभावी बंद पडण्याच्या भीतीखाली असलेल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळा, असे गंभीर प्रश्न समोर असताना एका पाखराची चिंता कशाला वाहायची, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ती शंका अनाठायी नाही. मात्र शाळा ही शिकवण्याची जागा आहे, आणि शाळेत जे जे टांगलेले असते ते ते मुलांना काही ना काही शिकवीत असते. भिंतीवरचा नकाशा शिकवतो, सुविचाराचा फळा शिकवतो. त्याप्रमाणे पिंजराही शिकवतो. तो काय शिकवतो, एवढाच येथे विचाराचा विषय आहे.

दोन तालुक्यांचे पाखरू

बारामती आणि इंदापूर या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत हा विचार करण्याला विशेष अर्थ आहे. हा मुलूख मुळात कमी पावसाचा. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर काम होऊन १८८५ साली नीरा डाव्या कालव्याचे पाणी येथे वाहू लागले आणि हळूहळू ज्वारी-बाजरीच्या शिवारात ऊस उभा राहिला. पुढे वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर येथे साखर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाल्यावर इंदापूर तालुक्याच्या कडेने भीमेचे पाणी पसरले आणि भिगवणच्या दलदलीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले. कालव्याचे पाणी न पोहोचलेल्या जिरायती पट्ट्यात मात्र जुना गवताळ माळ अजून तग धरून आहे. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा हरणे दिसतात. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य तर १९९७ साली त्यांच्याचसाठी घोषित झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर आहे.

कालव्याकाठची जुनी झाडे, विहिरीवरचा वड, देवळापुढचा पिंपळ, बांधावरचा लिंब, ही या भागातील पोपटांची वसतिस्थाने होत. ज्याला मराठीत कीर किंवा राघू म्हणतात, तो हिरवा, लाल चोचीचा पक्षी स्वतःचे घरटे विणत नाही. सुतार पक्ष्याने किंवा तांबटाने कोरून सोडलेली, अथवा फांदी मोडून पडलेली ढोली त्याला लागते; फार तर ती चोचीने थोडी रुंद करून घेतो. हिवाळा सरता सरता मादी त्या ढोलीत चारएक अंडी घालते, सुमारे तीन आठवड्यांहून थोडे अधिक दिवस ती उबवते आणि पिल्ले बाहेर पडून उडू लागेपर्यंत आणखी सहा-सात आठवडे जातात. म्हणजे घाटावर शिमग्याचे वारे वाहत असतात त्या सुमारास राघूचा संसार ऐन भरात असतो. झाडावर चढून ढोलीत हात घालणाऱ्यालाही हे वेळापत्रक पाठ असते.

या दोन तालुक्यांतील मुलाला पोपट दोन रूपांत भेटतो. घरी तो बागेचा चोर असतो. डाळिंबाला चोच मारून दाणे सांडणारा, पेरू अर्धवट कुरतडून टाकणारा, ज्वारीचे कणीस पायात धरून सोलणारा हा पक्षी वडिलांच्या शिव्या खातो; त्याच्यासाठी बागेवर जाळी पसरावी लागते आणि जाळीचा खर्च कर्जाच्या रकमेत मिळवावा लागतो. शाळेत आल्यावर तोच पक्षी लाडका होतो, त्याला नाव मिळते, त्याच्याशी बोबडे बोलले जाते. एका ठिकाणी शत्रू आणि दुसऱ्या ठिकाणी खेळणे, अशा या दोन रूपांच्या मधले त्याचे खरे रूप, म्हणजे थव्याने जगणारा एक स्वतंत्र जीव, मुलाच्या नजरेला पडतच नाही.

कायदा काय सांगतो

पोपट पाळणे हा गुन्हा आहे, हे वाक्य ऐकून सुशिक्षित माणसेही चकित होतात. वस्तुतः हा कायदा नवा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली संमत झाला. त्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत केवळ बंदूक चालवणे येत नाही. वन्य पक्ष्याला पकडणे, जाळ्यात वा सापळ्यात अडकवणे, त्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणे, हेही तीत येते. देशी पक्ष्यांच्या व्यापाराला १९९०-९१ च्या सुमारास पूर्ण बंदी झाली. राघू पूर्वी या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि त्याचे नाव दुसऱ्या अनुसूचीत गेले. खांद्यावर तांबडा डाग असलेला, बाजारात ‘पहाडी’ म्हणून विकला जाणारा मोठ्या जातीचा पोपटही संरक्षित आहे. कायद्याचा भंग केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

याहून जुना कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याच्या अकराव्या कलमात असे म्हटले आहे की, ज्या पिंजऱ्याची उंची, लांबी आणि रुंदी प्राण्याला पुरेशी हालचाल करू देत नाही, अशा पिंजऱ्यात त्याला कोंडणे ही क्रूरताच होय. आता शेपटीसह हातभर लांबीच्या आणि दिवसाकाठी मैलोन्मैल उडणाऱ्या पक्ष्याला, ज्यात पंख पसरताच दोन्ही बाजूंचे गज लागतात, अशा पिंजऱ्यात ‘पुरेशी हालचाल’ कशी मिळणार, याचे उत्तर देण्यास कायदेपंडिताची गरज नाही. मात्र पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये हा दंड कित्येक दशके उलटली तरी तसाच राहिला. १९६० साली पन्नास रुपयांना काही किंमत होती. आज तेवढ्यात धड पिंजराही येत नाही. दंड जेव्हा वस्तूच्या किमतीपेक्षा कमी होतो, तेव्हा तो दंड राहत नाही, परवाना शुल्क बनतो. अर्थशास्त्राचा हा प्राथमिक सिद्धांत येथे अनायासे सिद्ध झालेला दिसतो.

न्यायालयांनीही या बाबतीत मौन पाळलेले नाही. २०११ साली गुजरात उच्च न्यायालयाने आणि २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने पिंजऱ्यात कोंडलेल्या पक्ष्यांच्या प्रकरणांत, आकाशात उडणे हा पक्ष्यांचा हक्क असल्याचा अभिप्राय नोंदवला. त्याच्याही आधी, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत सजीव प्राण्यांविषयी करुणा बाळगण्याचे कर्तव्य घातले गेले. ही कर्तव्ये शालेय पाठ्यपुस्तकांत छापलेली असतात. ज्या वर्गात ती वाचली जातात, त्याच वर्गाच्या खिडकीबाहेर जर पिंजरा टांगलेला असेल, तर मुले कोणत्या पानावर विश्वास ठेवतील? मुलांना विसंगती चटकन कळते. ती बोलून दाखवत नाहीत इतकेच; आणि कायदा पुस्तकात एक व व्यवहारात दुसरा असतो, हा धडा ती न बोलता शिकतात.

पिंजऱ्यातले दिवस

कायद्याचा विचार बाजूला ठेवला, तरी पाखराच्या सुखदुःखाचा प्रश्न उरतोच. पोपट हा समूहाने राहणारा पक्षी आहे. सकाळी थव्याने चरायला जाणे, दुपारी सावलीत एकमेकांची पिसे साफ करणे, संध्याकाळी कलकलाट करीत ठरलेल्या झाडावर परतणे, असा त्याचा दिनक्रम असतो. त्याच्या पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात. फांदीवर चढण्यासाठी, फळ हातासारखे धरून खाण्यासाठी निसर्गाने ती घडवली आहेत. त्याची चोच सतत काही तरी कुरतडून झिजवावी लागते. एकट्या पोपटाला लोखंडी गजांत ठेवले, की यांतले काहीच शिल्लक राहत नाही. असा पक्षी कंटाळून स्वतःची पिसे उपटू लागतो, तासन् तास एकाच लयीत मान हलवीत राहतो, अथवा कर्कश ओरडतो. बघणाऱ्यांना ते नाचणे किंवा गाणे वाटते.

ज्या गोष्टीचे सर्वांना कौतुक, ते त्याचे बोलणेही याच एकटेपणातून येते. पोपट थव्यात असतो तेव्हा आपल्या जोडीदारांचे आवाज उचलतो. जोडीदार नसले म्हणजे माणसांचे उचलतो. ज्या बारामतीत मोरोपंतांनी आयुष्य घालवले आणि मोराच्या आर्त हाकेवरून आपल्या प्रसिद्ध काव्याला ‘केकावली’ हे नाव दिले, त्या भूमीत तरी पाखराच्या आवाजामागची आर्तता ओळखणारा कान असावा, अशी अपेक्षा करणे वावगे ठरू नये.

आहाराची स्थिती याहून बरी नसते. मिरची आणि हरभऱ्याची डाळ हे पोपटाचे अन्न, अशी आपल्याकडे समजूत आहे. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, म्हणून तो ती खातो, हे खरे. पण केवळ डाळ, दाणे आणि मुलांच्या डब्यातले तेलकट-खारट तुकडे यांवर राहणाऱ्या पोपटाला ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता होते, चरबी साठते आणि यकृत बिघडते. हा पक्षी नीट ठेवला तर वीस-पंचवीस वर्षे जगू शकतो. शाळेच्या ओसरीवरच्या पोपटाला तेवढे आयुष्य लाभेल, असे समजण्यास फारसा आधार नाही.

शाळेच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे, आणि ती कोणत्याही घरात नसते. शाळेला सुट्ट्या असतात. रविवारी शाळा बंद, सणाला बंद, दिवाळीत दोन-तीन आठवडे बंद आणि उन्हाळ्यात दीड महिना बंद. इंदापूर-बारामतीकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांना टेकतो, पत्र्याखालच्या ओसरीत भट्टी पेटते. आणि नेमक्या त्याच दिवसांत पिंजऱ्याकडे पाहणारे कोणी नसते. शिपायाने यावे, असे ठरते. तो आजारी पडला, गावाला गेला, की पाण्याची वाटी दुपारपर्यंत कोरडी पडते. वाटी भरण्याची जबाबदारी सर्वांची असते, तेव्हा ती कोणाचीच नसते. सार्वजनिक मालमत्तेचा हा दोष सर्वांना ठाऊक आहे. फरक इतकाच की, येथे ती मालमत्ता श्वास घेते.

आरोग्याचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. पोपटांच्या वाळलेल्या विष्ठेतून आणि पिसांच्या धुळीतून एक प्रकारचे जंतू माणसाच्या फुप्फुसात जाऊन न्यूमोनियासारखा ताप उद्भवू शकतो. असे नेहमीच घडते असे नाही. पण पिंजरा साफ करण्याचे काम जर पाळीपाळीने मुलांकडे दिले जात असेल, तर त्या जोखमीची कल्पना पालकांना असावयास हवी.

मागणीची साखळी

एका शाळेतल्या एका पोपटाने निसर्गाचे काय बिघडणार, असा युक्तिवाद केला जातो. त्याचे उत्तर बाजारपेठेच्या स्वभावात आहे. झाडावर चढून पिल्ले काढणारा बहुधा गरीब मजूर असतो. त्याला मिळणारी रक्कम क्षुल्लक असते. त्याच्याकडून दलाल, दलालाकडून दुकानदार वा आठवडे बाजारातला फेरीवाला आणि त्याच्याकडून गिऱ्हाईक, अशा साखळीत किंमत वाढत जाते. पिसे न फुटलेली पिल्ले टोपलीत दाटीवाटीने कोंबून नेली जातात. त्यांतली काही वाटेतच मरतात. जी जगतात, त्यांच्या किमतीत मेलेल्यांचा हिशेब धरलेला असतो. म्हणजे एक पोपट विकत घेणारा मनुष्य नकळत न पोहोचलेल्या पिल्लांचेही पैसे मोजत असतो.

याहून मोठे नुकसान ढोलीचे होते. हात आत जात नसेल, तर कुऱ्हाडीने ढोलीचे तोंड फोडतात. ढोली तयार व्हायला वर्षानुवर्षे लागतात. ती एका सकाळी निकामी होते. पुढल्या हंगामात तेथे पोपट येत नाही, साळुंकी येत नाही, पिंगळाही येत नाही. व्याजाच्या चार पैशांसाठी मुद्दल जाळण्यासारखाच हा व्यवहार आहे. रस्ते रुंद होताना आणि बांध कोरले जाताना जुनी झाडे आधीच कमी होत आहेत, अशा वेळी उरलेल्या ढोल्यांचे मोल अधिकच वाढते. बाजारातल्या पोपटाच्या किमतीत मात्र ते कोठेही उमटत नाही.

शाळेने पोपट विकत घेतला नसेल, कोणा पालकाने तो भेट दिला असेल. तरी साखळी तुटत नाही. शाळा ही गावातली मान्यताप्राप्त संस्था. तेथे दोनशे मुले रोज पिंजरा पाहतात. त्यांतली पाच-दहा घरी जाऊन हट्ट धरतात आणि कोणाचा तरी मामा किंवा चुलता पुढच्या बाजारातून पोपट आणतो. एवढी परिणामकारक जाहिरात कोणत्याही दुकानदाराला परवडणार नाही, आणि शाळा ती फुकट करते.

बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे

या विवेचनावर काही आक्षेप घेतले जातील, त्यांचा विचार करणे न्यायाचे होईल. पहिला असा की, राघू काही दुर्मिळ पक्षी नाही. ते बरोबर आहे. पिंजऱ्यातून निसटलेल्या राघूंच्या वसाहती लंडन, ब्रुसेल्स, ऍम्स्टरडॅम अशा थंड शहरांतही फोफावल्या आहेत. मात्र जात टिकून राहणे आणि एका जीवाचे हाल होणे, हे दोन निराळे प्रश्न आहेत. चिमण्याही पुष्कळ होत्या, म्हणून चिमणीला दोरा बांधून खेळवणाऱ्या मुलाला गुरुजींनी कधी शाबासकी दिली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वादळात फांदी मोडली, पिल्लू खाली पडले, मुलांनी ते ओंजळीत उचलून शाळेत आणले. गुरुजींनी त्याला कापसात ठेवले, भिजवलेली डाळ भरवली आणि ते जगले. आता त्याला हाकलून द्यायचे काय? या प्रश्नामागे खरी माया आहे, तिची थट्टा करणे कोणालाही शोभणार नाही. कायद्याने तरीही एक मार्ग आखून दिला आहे. सापडलेला वन्यजीव हा सरकारच्या ताब्यातला मानला जातो आणि त्याची खबर अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे द्यावी लागते. राज्याच्या वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. तोपर्यंत पिल्लाला भोके पाडलेल्या खोक्यात, उबेत व शांततेत ठेवावे, दूध पाजू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले. पिसे फुटलेले पिल्लू असेल आणि आईबाप जवळपास ओरडत असतील, तर त्याला त्याच झाडाच्या उंच फांदीवर ठेवणे अनेकदा पुरेसे होते. वाचवणे आणि ठेवून घेणे यांत अंतर आहे. मुलांना ते अंतर कळले, तर त्या दिवशी त्यांनी करुणेचा खरा धडा घेतला असे म्हणता येईल.

तिसरा आक्षेप म्हणजे, मग पिंजऱ्याचे दार उघडून द्यावे. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर पाखरे सोडण्याची कल्पना दिसायला मोठी मनोहर आहे; परिणामी ती घातक ठरण्याचा संभव अधिक. वर्षानुवर्षे न उडालेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसते. पिसे छाटलेली असतील, तर ती झडून नवी येईपर्यंत त्याला उडताच येत नाही. माणसाच्या हातावर वाढलेल्या पोपटाला मांजराची भीती ठाऊक नसते, रानात अन्न शोधता येत नाही, आणि थवा त्याला सहजी सामावून घेत नाही. टाळ्यांच्या कडकडाटात सोडलेले पाखरू संध्याकाळपर्यंत कावळ्यांच्या किंवा कुत्र्याच्या तावडीत सापडते. म्हणून असा पोपट वन विभागाच्या हवाली करून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्याची उडण्याची तयारी करून घेणे हाच योग्य मार्ग होय. जो उडू शकणारच नाही, त्याला मोठ्या जागेत स्वजातीयांच्या संगतीत ठेवण्याचीही सोय तेथूनच होऊ शकते.

यावर एक पळवाट हल्ली निघाली आहे. देशी पोपट ठेवता येत नाही ना, मग परदेशी ठेवू, म्हणून ‘लव्हबर्ड’ या नावाने विकली जाणारी ऑस्ट्रेलियातील रंगीत छोटी पाखरे पिंजऱ्यात आणली जातात. ती ठेवणे वन्यजीव कायद्याने निषिद्ध नाही, हे खरे. परंतु ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मैदानांवर तीही हजारोंच्या थव्याने उडणारीच पाखरे आहेत. सुट्टीत वाटी त्यांचीही कोरडी पडते. कायद्याची अडचण दूर झाली, म्हणून पाखराची अडचण दूर होत नाही.

पोपटपंची

मराठीत ‘पोपटपंची’ असा एक मार्मिक शब्द आहे. अर्थ न समजता पाठ केलेले म्हणून दाखवणे, ही आपल्या शिक्षणाची जुनी व्याधी. तिला नाव देण्यासाठी समाजाने पिंजऱ्यातलाच पक्षी निवडला. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९१८ साली ‘तोताकाहिनी’ लिहिली, तीत एका राजाने पाखराला विद्वान करण्याचा घाट घातलेला आहे. सोन्याचा पिंजरा होतो, पोथ्यांचे ढीग लागतात, पंडितांची आणि देखरेख करणाऱ्यांची चंगळ होते. पाखराच्या चोचीत कागद कोंबले जातात आणि ते मरते. सर्वजण पिंजऱ्याची वाखाणणी करतात, पाखराकडे मात्र कोणी पाहत नाही. शतकापूर्वीची ही कथा शिक्षणपद्धतीवरची टीका म्हणून वाचली जाते. ओसरीवर पिंजरा असलेल्या शाळेत ती शब्दशः वाचता येईल.

मग मुलांना पक्ष्यांचा लळा लावायचा कसा? त्याची साधने या दोन तालुक्यांइतकी क्वचितच कोठे हाताशी असतील. भिगवणचे पाणपक्षी, सुप्याचे चिंकारा, कडबनवाडीचा माळ, हे सारे सहलीच्या एसटीच्या एका दिवसाच्या अंतरावर आहे. तेथे जाणे झाले नाही, तरी शाळेच्या आवारातला लिंब आहेच. त्यावर दिवसभरात किती जातींचे पक्षी आले, राघूंचा थवा संध्याकाळी किती वाजता कोणत्या दिशेने गेला, कोणत्या ढोलीत कोण राहते, याची वही सातवीच्या मुलांनी वर्षभर ठेवली, तर त्यातून भूगोल, गणित आणि भाषा तिन्ही विषय शिकवता येतील. मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवायला दहा-वीस रुपयांपलीकडे खर्च नाही. आणि ते भांडे एखाद्या सुट्टीत कोरडे पडले, तरी पाखरू दुसरीकडे उडून जाऊ शकते.

राज्य शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा ‘पक्षी सप्ताह’ म्हणून ठरवला आहे. त्यातला पहिला दिवस मारुती चितमपल्लींचा आणि शेवटचा सालिम अलींचा जन्मदिन. सोलापूरला जन्मलेल्या चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीत रानावनांत हिंडून पक्ष्यांची मराठी नावे गोळा केली आणि ‘पक्षीकोश’ सिद्ध केला; जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी पाखरे पाहिली ती झाडांवर, पाण्यावर आणि आकाशात. हा सप्ताह काही वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सापडतो, ही अडचण आहे. पण नोव्हेंबरात पाखरे काही सुट्टीवर जात नाहीत, शाळा उघडल्यावर तो साजरा करायला कोणाची हरकत असणार नाही.

त्याच वेळी बागायतदाराच्या नुकसानीचा विषयही वर्गात यायला हवा. पोपट डाळिंब खातो, त्याने बापाचे नुकसान होते, तरीही कायदा पोपटाला संरक्षण देतो. हे कसे, याची चर्चा मुलांनी केली पाहिजे. जाळी, ओवाळणी, राखण, बांधावरची रानफळांची झाडे, नुकसानभरपाईची मागणी, असे अनेक मार्ग त्या चर्चेतून पुढे येतील. पिंजऱ्यातल्या लाडक्या राघूभोवती ही चर्चा कधीच होऊ शकत नाही, कारण तो कोणाचेच काही खात नाही. लाड आणि राग यांच्यापलीकडे जाऊन, आपल्याला त्रास देणाऱ्या जीवालाही जगण्याचा अधिकार आहे, हे मान्य करणे कठीण असते. शिक्षणाची गरज तेथेच लागते.

शिक्षण विभागाला आणि जिल्हा परिषदेला यात फार काही करावयाचे नाही. एका परिपत्रकाने शाळांना माहिती देणे, आपल्याकडे असलेला पोपट स्वेच्छेने वन विभागाकडे सोपवणाऱ्या शाळेवर कारवाईचा बडगा उगारला जाणार नाही, असे वन विभागाशी बोलून ठरवणे आणि सोपवलेल्या पाखराचे पुढे काय झाले, हे त्या मुलांना कळवणे, एवढे पुरे आहे. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या मुलांनी दोन वर्षे त्याला पेरू भरवले, त्यांच्याकडून ते पाखरू एका सकाळी नुसते उचलून नेले, तर कायदा म्हणजे हिरावून घेणारा हात, असेच त्यांच्या मनावर ठसेल.

दरवर्षी आषाढात तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकीवरून इंदापूरला येते. वाटेवरच्या शाळांत वारकऱ्यांचा मुक्काम पडतो. रात्री ओसरीवर पथारी पसरून ते भजन म्हणतात. झाडांना आणि वनातल्या जीवांना सोयरे मानणाऱ्या संताचे अभंग ज्या ओसरीवर म्हटले जातात, तेथेच आढ्याला पिंजरा लटकत असेल, तर मुक्कामाला आलेले वारकरी काही बोलणार नाहीत, कारण पाहुण्याने यजमानाचे दोष काढू नयेत, अशी आपली रीत आहे. ते काढण्याचे काम यजमानांनीच, म्हणजे त्या शाळेच्या शिक्षकांनी करावयाचे आहे. आणि पुढल्या वारीपर्यंत त्यासाठी पुरेसा वेळ आहे.